खालचा आकडा

१८ जून १९६३, अकोला

चौथीच्या वर्गात गुणाकार घालत होते. फळ्याकडून वळले तर पुढच्या बाकावरच्या मुली किंचाळल्या. पदरावर रक्त. नाकातून. थांबेचना. मान मागे करून बसले, एकीने मडक्यातलं पाणी आणून डोक्यावर ओतलं. मुलींना सांगितलं, ऊन लागलं. मोठ्या बाईंनाही तेच. त्या आमच्या हेडमास्तरीण, तीस वर्षांत हजार बहाणे ऐकलेल्या. म्हणाल्या, "आज तर आभाळ आहे कमल."

घरी आल्याबरोबर लुगडं धुऊन टाकलं, सासूबाईंच्या नजरेस पडायच्या आत.

माय बार्शीटाकळीला चुलीपुढे पडली तेव्हा पंचेचाळीसची होती. तोंड वाकडं, डावा हात गेलेला, सात महिने खाटेवर. पडायच्या आधी तिचंही नाक असंच दोनतीनदा... मी त्रेचाळीस.

२३ जून, रविवार

इंदूला भेटायला अमरावतीला जाते असं घरी सांगून निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलली. इंदू, माझी धाकटी बहीण, तिला आधी कार्ड टाकलं होतं. ती थेट डॉक्टरांकडे घेऊन गेली. अकोल्यात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत शाळेत कळलं असतं.

डॉक्टर साठीचे. दंडाला पट्टा बांधून दोनदा फुगवला, मग उभं करून तिसऱ्यांदा. वर १९६, खाली ११८. म्हणाले, "मला वरच्यापेक्षा खालचा आकडा छळतो. तो उतरला पाहिजे."

मग एका मोठ्या रजिस्टरात लिहीत गेले. वय? शिक्षण? घरात माणसं किती? काम काय? स्वयंपाक कोण करतं? आईवडील कशाने गेले? मायचं सांगितलं तेव्हा मान वर करून पाहिलं.

नाव विचारलं तेव्हा माहेरचं सांगितलं. कमल वानखडे. चुकून नाही, ठरवून.

सर्पगंधाच्या गोळ्या, दिवसातून दोनदा. मीठ बंद. दुपारी दोन तास आडवं पडायचं. शेवटचं ऐकून इंदूला हसू आलं, मलाही. डॉक्टरांना नाही आलं.

२६ जून

मोठ्या बाईंनी मधल्या सुटीत बोलावलं. नोव्हेंबरअखेर त्या निवृत्त. जागेसाठी माझं नाव वर गेलं आहे. "तुझी नोकरी सगळ्यांत जास्त वर्षांची, निकाल चांगले. फक्त सरकारी डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला लागेल." मग म्हणाल्या, "आणि काही बायांना तुझं नाव आवडलेलं नाही. का ते तुला मी सांगायला नको."

नको. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन आलो त्या वर्षीच्या स्टाफरूममधल्या शांततेची आठवण आहे मला. आता कोणी बोलत नाही. वाट पाहतात.

ह्यांना सांगितलं. सरकी काढायच्या जिनात कापसाच्या वजनकाट्यावर असतात, आवाज तिथल्यासारखाच मोठा. अर्ध्या तासात वस्तीभर झालं. "आमच्या वस्तीतली बाई मुलींच्या शाळेची हेडमास्तर!" चार लोक चहाला. मी चहा करत होते आणि डोक्यात ठोके.

आता सांगायची सोयच उरली नाही.

३ जुलै

वरणात मीठ घालायच्या आधी माझी वाटी बाजूला काढते. आठ दिवस जमलं. आज सासूबाईंनी पाहिलं.

"हे काय होय?"

"अळणी खाते काही दिवस."

"आपण नवस-उपास सोडले ना? मंग हे अळणी कोन्या देवाचं?"

मग म्हणाल्या, "का माह्या हातच्या मिठात इख हाय?" शोभा (लेक, यंदा मॅट्रिकला) हसली. ह्यांनीही मान वर केली. वाटी वरणात परत ओतली. सगळ्यांबरोबर जेवले. आंब्याचं लोणचंही वाढून घेतलं.

गोळ्या शिवणाच्या डब्यात.

१४ जुलै, रविवार, अमरावती

१७८/१०८. डॉक्टर म्हणाले, उतरतोय. मीठ? "सोडलं." खोटं.

परतीच्या गाडीला वेळ होता. माझं अक्षर पाहून त्यांनी चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. रजिस्टरात उतरवून द्याल का. डोळ्यांना दिसत नाही म्हणाले. बाकावर रोग्यांमध्ये बसून लिहिलं. कोणाचा दाब आवाक्यात येतो, कोणाचा येत नाही, आणि का, हे त्यांना शोधायचं आहे. स्वतःपुरतं. बारा वर्षं चाललंय.

गावाकडचे एक पाटील शेजारी होते. सत्तरीचे, धडधाकट, आकडा १४०/८८. "सून वेगळी भाजी करते माह्यासाठी. दुपारी गडी पाय दाबते. उतरनार नाई तं जाईन कुठं?"

पलीकडे सगुणाबाई. इथल्याच एका जिनात कापूस निवडते, पन्नाशीची असेल, तिला माहीत नाही. तिचा कायमच वर. मी विचारलं, मीठ सोडलं नाही का. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिलीतल्या मुलीकडे पाहते.

"बाई, भाजी रोज नसते. भाकर आन् मिरचीचा ठेचा. मीठ सोडू तं भाकर कायच्यासंगं खाऊ?"

बायकांच्या ओळी परत वाचल्या. 'स्वयंपाक कोण करतं' या रकान्यात जवळजवळ सगळ्यांपुढे एकच शब्द: स्वतः.

२८ जुलै, रविवार, अम.

१६४/१००. नाक सारखं चोंदलेलं. डॉक्टर म्हणतात गोळीने होतं, चालायचंच. झोप फार येते. वर्गात पेंगले.

११ ऑगस्ट, रविवार, अम.

१५०/९४! डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. दुसऱ्या एका रोग्याला मला दाखवून म्हणाले, "बघा. शिकलेली बाई. सांगितलं तसं वागते. शिक्षण हाच खरा फरक आहे." सगुणाबाईंच्या ओळीपुढे त्यांनी आज सांगितलं ते मीच लिहिलं: 'निरक्षर. औषध नियमित घेत नाही.' १९८/११४.

ती बाकावर होती. वाचता येत नाही तिला. तरी मी हात आडवा धरला.

गाडीत आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. थकले असेन.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदन. मुलींनी गाणं चांगलं म्हटलं. मोठ्या बाईंनी पुढे उभं केलं मला. सगळे बघत होते. मला वाटत होतं हे दुसऱ्या कोणाचं चाललंय.

२७ ऑगस्ट

वह्या तपासायच्या राहिल्या. तीन दिवसांच्या.

२ सप्टें.

खडू तुटला म्हणून रडले. वर्गातच. एकीने दुसरा खडू आणून हातात दिला, मग तर आणखीच.

कारण काही नाही. घरात बरं आहे. शोभाचा अभ्यास नीट. हे प्रेमाने बोलतात. आकडा उतरतो आहे. मग काय होऊन राहिलं मला?

८ सप्टें., रविवार, अम.

१४६/९२. डॉक्टर खूश. मी काही सांगितलं नाही. काय सांगणार, की बरं वाटत नाही म्हणून बरं वाटत नाही?

११ सप्टें.

काही नाही.

१५ सप्टें.

विहिरीवर पाणी ओढत होते. बादली वर आली, दोर हातात, आणि मी खाली बघत उभी. किती वेळ ते माहीत नाही. शोभा मागून म्हणाली, "आई, बादली सांडून राहिली." तिचा आवाज इतका नेहमीचा होता. घाबरून मागे सरले.

हे लिहावं की नाही. लिहिलं.

मायचं आयुष्य सात महिने खाटेवर संपलं, पण ती शेवटपर्यंत जगायचं म्हणत होती. अर्ध्या तोंडाने. मी धडधाकट आणि...

२२ सप्टें., रविवार, अम.

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

बाकावर सगुणाबाई शेजारी आली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "बाई, तुमी गोळ्या घेता ना?"

"घेते की. तुम्ही का घेत नाही?"

"घेत होती मी. दोन महिने रोज घेतल्या, एक चुकवली नाई. पन मंग मरून जावंसं वाटे. कारन नाई काई. पोरगी जवळ आली तं तिलेही ढकले. गोळ्या सोडल्या, आठ-दहा दिसात मोकळं वाटलं. परत घेतल्या, परत तसंच. म्हून सोडल्या." मग हळूच, "तुमचा चेहरा तसाच दिसून राहिला."

मी तिचा हात धरला.

"डॉक्टरांना सांगितलं का?"

"त्यायनं इचारलं नाई. गोळ्या घेतल्या का म्हनते. नाई म्हटलं की रागावते."

माझा नंबर आला. सगळं सांगितलं. खडू, वह्या, विहीरसुद्धा. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "या गोळीने काहींचं मन खचतं असं वाचलं होतं. माझ्या रोग्यांत कोणी बोललं नाही म्हणून मला वाटलं..." मग मोठ्याने, "तुम्ही शिकलेल्या! तुम्ही तरी का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, निरक्षर बाईने ओळखलं, मी नाही ओळखलं. तिचंही लिहा.

त्यांनी रजिस्टर ओढून माझ्याच अक्षरातली ती ओळ खोडली. तिला बोलवायला बाहेर गेलो तर ती निघून गेली होती. जिनात कामाची पाळी होती तिची.

माझ्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या. लघवी वाढवणारी नवी गोळी निघाली आहे, ती मुंबईहून मागवतो म्हणाले. सगुणाबाईसाठीही. तोवर दाब चढेल, जपायचं. "पुढच्या रविवारी तिला घेऊनच या."

२९ सप्टें., रविवार, अम.

सगुणाबाई आली नाही. नव्या गोळ्याही नाहीत. १६८/१०४.

६ ऑक्टो., रविवार, अम.

आजही नाही. इंदूला बरोबर घेऊन जिनाजवळच्या वस्तीत शोधत गेलो.

खाटेवर होती. मंगळवारी सकाळी कापसाच्या ढिगावरच पडली म्हणे. उजवी बाजू गेली. मला ओळखलं. बोलायला गेली तर नुसता आवाज. तिची मुलगी म्हणाली, "सरकारी दवाखान्यात तीन दिवस ठेवलं, मंग घरी न्या म्हनले." मुलगी आता आईच्या जागी जिनात जाते. भात भरवायला मी बसले. एका बाजूने सांडत होता. मायला भरवायचे तसंच, उजव्या गालाऐवजी डावा, एवढाच फरक.

ऑगस्टात तिचा ११४ मीच लिहिला होता. त्याच्यापुढे 'निरक्षर'ही.

१३ ऑक्टो., रविवार, अम.

१८६/११२. मन मात्र स्वच्छ. किती महिन्यांनी. गाडीत खिडकीतून कपाशीच्या पराटीला फुटलेली बोंडं बघत होते तर चक्क गुणगुणले. आणि डोक्यात ठोके. हे असंच आहे का? मन बरं तर डोकं फुटणार, डोकं बरं तर मन मरणार. तिसरी वाट नव्या गोळीची, ती अजून टपालात.

दाखल्याची तारीख आली. १२ नोव्हेंबर.

२० ऑक्टो.

ह्यांनी पाहिलं. दिवाळीच्या सुटीत पेटी आवरताना डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हाती लागली.

"कमल वानखडे. ही कोन?"

"मीच."

"माह्या घरात राह्यतेस आन् नाव तिकडचं सांगतेस?"

सगळं सांगावं लागलं. जूनपासूनचं. ते खाटेवर बसले. "मले काहून सांगतलं नाई? मी काय परका होय?" मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी चार लोकांना चहाला बोलावलंत. ते लागलं त्यांना. लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. किंवा म्हटलं असेन.

संध्याकाळी परत आले बोलायला. "जुन्या गोळ्यायनं आकडा उतरते ना? मंग तपासनीवरी घे. तीन हप्ते. दाखला हाती आला की सोड. वस्तीतले पोरीचे बाप मले इचारून राहिले, बाई कवा बसते त्या खुर्चीवर."

"त्या गोळ्यांनी मी विहिरीत बघत उभी होते."

त्यांना कळलं नाही लगेच. मग कळलं. उठून बाहेर गेले.

२२ ऑक्टो.

सासूबाईंना त्यांनीच सांगितलं असणार. आज वरण सगळ्यांचंच अळणी. मिठाची वाटी मध्ये. "ज्याले पाह्यजे त्यानं घ्या," म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तुही माय कशानं गेली ते मले मालूम नाई का? सांगतलं असतं तं काय मी तुले खाल्लं असतं?"

मला हुंदका आला. ह्या वेळेस कारण होतं.

पण दुपारचा आराम? सुटी संपली की परत तेच. पहाटे चूल, शाळा, घरी आल्यावर पुन्हा चूल. सासूबाईंचे गुडघे गेलेत, शोभाची परीक्षा. कोणाला दोष देऊ?

२७ ऑक्टो., रविवार, अम.

नव्या गोळ्या आल्या. डॉक्टरांना खरं नाव सांगितलं. रागावले नाहीत. रजिस्टरात जुनं नाव खोडून नवं लिहिलं आणि म्हणाले, "अशी खोटी नावं आणखी किती असतील यात, कोण जाणे. बायकांची तर निम्मी." १८०/११०.

सगुणाबाईसाठीही दिल्या. नेऊन दिल्या. मुलीला दोनदा समजावलं. सगुणाबाईने डाव्या हाताने माझी वेणी ओढली, हसण्यासारखं काही केलं.

३ नोव्हें., रविवार, अम.

१७०/१०५. सावकाश उतरतोय. डॉक्टर म्हणतात दोन महिने तरी लागतील. माझ्याकडे नऊ दिवस.

शाळेत दुसऱ्या एका बाईंनी आपला अर्ज तयार ठेवलाय असं ऐकलं. सहज विचारलं त्यांनी, "हल्ली तुमची तब्येत कशी असते हो?" छान म्हटलं.

७ नोव्हें.

शोभा म्हणाली, "आई, तू नापास झालीस तर काय होईल?" म्हटलं, काही नाही, आहे तीच नोकरी. ती म्हणाली, "मग एवढं काहून भ्यायचं?"

हिला कसं सांगू की आहे तीच नोकरीसुद्धा त्या कागदावर लटकेल. एकदा 'रोगी' लागलं की दर वर्षी विचारतील.

११ नोव्हें.

संध्याकाळी स्वयंपाकाला बसले तर ह्यांनी जुन्या गोळ्यांची बाटली शिवणाच्या डब्यातून काढून माझ्यासमोर आणून ठेवली. बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, घे म्हणतात. हात पुढे गेला माझा, खरंच गेला. एका दिवसाने काही उतरत नाही हे माहीत असून.

त्यांनी बाटली परत उचलली. "मी ठेवतो माह्याजवळ. तुह्या हाताले लागाले नको." आणि चुलीत लाकूड सारलं.

१२ नोव्हें., मंगळवार

सकाळी दहा वाजता गेले. मोठा व्हरांडा, बाकावर पोलिसभरतीची पोरं छाती फुगवून बसलेली. मी एकटीच बाई. माझं नाव पुकारलं, संपूर्ण, सासरचं.

डॉक्टर तरुण होते. डोळे पाहिले, फुप्फुसं ऐकली, वजन. शेवटी पट्टा. फुगवला, सोडला, परत फुगवला. चेहऱ्यावर काही दिसेना. मी उलट्या बाजूने नळीतला पारा वाचायचा प्रयत्न करत होते. एकशे सहासष्ट आणि कदाचित एकशे दोन.

"घाबरलात का? घाबरल्यानेही चढतो. पाच मिनिटं बसा."

पाच मिनिटांनी एकशे चौसष्ट.

मग पेन हातात घेऊन: "यापूर्वी कधी ब्लडप्रेशर तपासलं होतं?"

एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर घाबरली म्हणून त्यांनी सही केलीही असती, त्यांच्या डोळ्यांत तसं होतं. मला सगुणाबाईच्या गालावरून सांडणारा भात दिसला असं लिहायला बरं वाटेल, पण तसं काही दिसलं नाही. पाच महिने खोटं बोलून जीव थकला होता, इतकंच.

"हो," म्हटलं. जूनपासून सगळं सांगितलं. कोणती गोळी, काय झालं, कोणती सोडली, आता कोणती.

त्यांनी पेन ठेवलं. म्हणाले, "न सांगणारे रोज येतात इथे. सांगणाऱ्याचं काय करायचं ते मलाच नीट माहीत नाही." मग, "आज सही करत नाही. नाकारतही नाही. अमरावतीच्या डॉक्टरांचे कागद घेऊन दोन आठवड्यांनी या. खालचा शंभराच्या आत दिसला तर बघू." बघू म्हणाले. करू नाही म्हणाले.

फाटकाशी हे सायकल धरून उभे. काटा सोडून आले होते.

"झालं?"

"नाही."

"नाई म्हनले?"

"तेही नाही."

सायकलवर बस म्हणाले, मी नको म्हटलं. दोघं चालत शाळेपर्यंत आलो, सायकल मध्ये. रस्त्यात वस्तीतले एक जण भेटले, "काय म्हनते दाखला?" हे म्हणाले, "हाय, येऊन राहिला." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

चौथीला दुपारी भागाकार शिकवला. खुर्चीवर बसून. पहिल्यांदाच.

दिवस मोजायचे नाहीत असं ठरवलं आहे. २६ तारीख, मंगळवार.